शेडची खिडकी

बेळगाव, ३ फेब्रुवारी २०२५

चि. सुविधा हिस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

१. आप्पांना रक्ताचा कर्करोगच आहे. अहवाल शनिवारी आला.
२. आज केमो सुरू झाली.
३. डॉक्टरांनी नोकरी आणि छंद विचारले. नोकरी सांगितली: बत्तीस वर्षं शाळामास्तर. छंद सांगितला: जुन्या मोटरसायकली दुरुस्त करणं. पुढचं मला ठाऊक नाही.

तुला ठाऊक असणार. दर रविवारी परसातल्या शेडमध्ये आप्पांसोबत तू असायचीस. मला ते ‘तू अभ्यास कर, हात काळे होतील’ म्हणून परत पाठवायचे. केमिस्ट मी झाले आणि हे तुला विचारावं लागतंय. सुटे भाग तुम्ही कशात धुवायचात? हातमोजे? खिडकी उघडी असायची? किती वर्षं?

फोनवर आपण भांडतो, म्हणून पत्र. आप्पा जागे झाले की तुझंच नाव घेतात.

उपासना

निपाणी, ८ फेब्रुवारी

ती. आक्का हिस,
जयभीम. पत्र कसलं गं, परीक्षेचा पेपरच पाठवलास. सोडवते. पेट्रोलमध्ये धुवायचो, उघड्या हातांनी. अकरा वर्षं. आप्पा थकल्यापासून मी एकटी धुते. खिडकी बंद असायची, कारण वासानं डोकं दुखतंय म्हणून तूच ओरडायचीस. आप्पा म्हणायचे, आक्काचा अभ्यास हाय, लाव खिडकी.

जन्मभर पहिली आलीस, तरी माझे रविवार तुला खुपतातच. आता आजार त्या रविवारांवरच ढकलणार व्हय? तसं असलं तर स्पष्ट लिही. मला लई भ्या वाटतंय. उद्या आप्पांना बघायला येते.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

सुविधा

बेळगाव, १२ फेब्रुवारी

चि. सुविधा हिस,
सप्रेम जयभीम. तुझं पत्र तू येऊन गेल्यावर मिळालं. बरं झालं. रविवारी आप्पांनी तीन तास तुझा हात सोडला नाही. ते बघताना तू विचारलं असतंस, तर मी खरं बोलले नसते.

पेट्रोलमध्ये बेंझीन असतं. वर्षानुवर्षं ते हुंगलं गेलं तर या आजाराचा धोका वाढतो. आप्पांना त्यामुळेच झाला असं डॉक्टर सांगू शकत नाहीत. मीही नाही.

खिडकीचं सांगते. माझं डोकं कधीच दुखलं नाही. तुमचं हसणं ऐकू यायचं.

मत्सर अजून गेलेला नाही. पण त्या बंद शेडमध्ये तूही अकरा वर्षं होतीस, आणि तुझं पत्र वाचल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही. पेट्रोलला हात लावू नकोस. रक्ताची तपासणी करून घे.

लोभ ठेवायचा की नाही ते तू ठरव. अहवालात काय आलं ते मात्र गुरुवार, २० फेब्रुवारीपर्यंत कळव.

उपासना