आमच्या कॉलनीतला मुलगा

आई,

तुला जाऊन आता नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत मनातल्या मनात तुझ्याशी भांडलो नाही असा एखादाच आठवडा गेला असेल. दरवेळी मीच जिंकतो, कारण तू उत्तर देत नाहीस. जिवंत होतीस तेव्हाही देत नव्हतीस म्हणा, फोन ठेवून द्यायचीस. मुलं शाळेच्या कॅम्पला गेली आहेत, घर शांत आहे, म्हणून बसलोय. तुझ्यावरचा राग एकदा ओळीने लिहून काढायचा आहे. मनात ठेवला की तो सारखा नवा होतो.

तू आठवतेस ती मला घरातली आठवत नाहीस, प्रसूतिगृहातली आठवतेस. चिंचवडला आपल्या कॉलनीच्या मागच्या रस्त्यावरचं, दोन मजली, आत शिरलं की फिनेलचा आणि उकळलेल्या कपड्यांचा वास. बाबा गेले तेव्हा मी सहावीत होतो. त्यानंतर शाळा सुटली की मी तिथेच यायचो, सिस्टरांच्या खोलीत डबा खायचो, गृहपाठ करायचो. काचेतून तू दिसायचीस. दुपटं तिरकं पसरायचीस, वरचा कोपरा दुमडायचीस, बाळ त्यावर ठेवायचीस, आणि दोन्ही बाजू आवळून खालचं टोक वर खोचलं की झालं. मी एकदा विचारलं, "ते गुदमरत नाही का?" तू म्हणालीस, "घट्ट बांधलं की त्याला वाटतं, अजून आतच आहोत. मोकळं सोडलं की घाबरतं." आणि एक आठवतं. मुलगी झाली म्हणून काही घरची माणसं बाहेरच्या बाकावर तोंड फिरवून बसायची, आत यायचीच नाहीत. त्या पोरीला तू स्वतः खांद्यावर घेऊन व्हरांड्यात फिरायचीस, अगदी त्यांच्या समोरून. एकदा एका आजीला म्हणालीस, "घेऊ नका, पण बघा तरी." हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. माझी सगळी आशा या एका गोष्टीवर होती.

माझा जोडीदार तुला परका नव्हता. दर दिवाळीला आम्ही दोघं सिंगापूरहून यायचो तेव्हा नाशिकला स्वतःच्या घरी जायच्या आधी तो चार दिवस आपल्याकडे राहायचा. तुझ्यासमोर स्वयंपाकघरात खाली बसून मटार सोलायचा. मला कधी जमलं नाही ते थालीपीठ तू त्याला थापायला शिकवलंस. शेजारच्या काकूंना सांगायचीस, "गुणी मुलगा आहे, बँकेत आहे, याच्यासाठी कुणीतरी स्थळ बघा." एका दिवाळीत मी तुला सांगितलं की त्याच्यासाठी स्थळ बघायचं नाही, माझ्यासाठीही नाही, आणि का ते सांगितलं. तू कढईवर झाकण ठेवलंस. "भाजी लागेल," म्हणालीस आणि गॅस बारीक केलास. त्यानंतर तीन वर्षं तू त्याला माझा रूममेटच म्हणत राहिलीस आणि आम्हीही ते चालवून घेतलं. यात माझीही चूक आहे. ती मी नाकारत नाही.

मग बाळं झाली. मुंबईत, सरोगसीतून, एक मुलगी आणि एक मुलगा. जन्मदाखल्यावर बाप म्हणून माझं एकट्याचं नाव, त्याचं कागदोपत्री कुठेच काही नाही. त्यांचे पासपोर्ट होईपर्यंत आम्ही पाच आठवडे अंधेरीत एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहिलो. चिंचवडहून मुंबई तीन तासांवर. मी तुला जन्माच्या दिवशीच फोन केला. वजनं सांगितली, कारण तू नेहमी पहिल्यांदा वजन विचारायचीस. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "तीस वर्षं मी बाळ आईच्या कुशीत ठेवत आले. दुसरीकडे कुठे ठेवतात ते मला ठाऊक नाही." आणि फोन ठेवलास. पाच आठवड्यांत तू आली नाहीस. मी त्यांना तुझ्या पद्धतीने दुपट्यात गुंडाळत होतो आणि प्रत्येक वेळी ते वाक्य आठवत होतं.

सिंगापूरला परत आलो. सात वर्षं आम्ही या शहरात राहत होतो, पण सेंगकांगमधला फ्लॅट आणि ऑफिस सोडून ते आम्हाला माहीतच नव्हतं. आता दोघांनी एकदमच रजा घेतलेली आणि घरात बसलं की मुलं रडायची, बाबागाडी चालू लागली की गप्प. त्यामुळे आम्ही चालायचो. जुळ्यांची बाबागाडी रुंद असते, एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, नेहमीच्या फाटकातून जात नाही, बाजूचं मोठं फाटक शोधावं लागतं. कुठल्या स्टेशनात लिफ्ट कुठल्या टोकाला आहे, कुठल्या मॉलमध्ये दूध पाजायच्या खोलीत पुरुषांना आत येऊ देतात आणि कुठे बायका दारातूनच हाताने नको म्हणतात, सगळं पाठ झालं. आणि प्रत्येक वळणावर कुणीतरी आँटी गाडीत डोकावायची. "वा, ट्विन्स आह? ममी व्हेअर?" मी म्हणायचो, ममी घरी आहे, आराम करते. दिवसातून पाच-सहा वेळा म्हणायचो. तो माझ्याकडे बघायचा आणि गाडी पुढे ढकलायचा.

मुलं नऊ आठवड्यांची असताना मी तुझी खुशाली कळावी म्हणून शेजारच्या काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अरे, त्या तर तुझ्याकडेच आल्यात ना? परवाच निघाल्या, सिंगापूर-मलेशियाच्या सहलीला. मी म्हटलं, नातवंडांना बघायला चालल्या असतील." नातवंडांचं काकूंना माहीत होतं. मीच त्यांना सांगितलं होतं. मी म्हणालो, हो काकू, वाट बघतोय. बोलता बोलता त्यांनी टूर कंपनीचं नाव घेतलं, तिच्या साइटवर मी कार्यक्रम शोधला. ज्येष्ठांची सहल, दुसऱ्या दिवशी सकाळी मर्लायन, म्हणजे ते तोंडातून पाणी सोडणारं पांढरं सिंहाचं शिल्प. तू माझ्यापासून तासाभराच्या अंतरावर हॉटेलात झोपली होतीस. तो म्हणाला, "जाऊ नकोस. तिला यायचं असतं तर तिने कळवलं असतं." मी म्हणालो, "बघितल्यावर नाही म्हणणार नाही ती. तू तिला दवाखान्यात पाहिलेलं नाहीस." सकाळी त्यानेच बाटल्या भरल्या, दोघांना नवी झबली घातली आणि गाडीची चाकं पुसली.

आम्ही नऊ वाजल्यापासून तिथे उभे होतो. ऊन चढत होतं, मी गाडीवर ओला पंचा टाकला होता. मग तुमची बस आली. सगळ्यांच्या डोक्यावर सारख्याच केशरी टोप्या, पुढे झेंडा धरलेला टूर मॅनेजर. जन्मात पहिल्यांदा मी तुला पंजाबी ड्रेसमध्ये आणि बुटात पाहिलं. तू हसत होतीस. कुणीतरी तुला काहीतरी सांगत होतं आणि तू मान मागे टाकून हसत होतीस. किती वर्षांनी तुला तशी हसताना बघितलं. मग तुला मी दिसलो.

तो मुलीशी मराठीत काहीतरी बोलत होता, ते ऐकून तुझ्याबरोबरची एक बाई पुढे आली. "मराठी का तुम्ही? अहो बघा, जुळी आहेत." मी तुझ्याकडे बघत होतो. 'आई' म्हणायला तोंड उघडलं, पण तू माझ्या आधी बोललीस. "आमच्या कॉलनीतला मुलगा आहे हा. इथे नोकरीला असतो." आवाज अगदी नेहमीचा. त्या बाईने विचारलं, "आणि हे?" तू म्हणालीस, "मित्र असेल त्याचा." असेल म्हणालीस. त्याला थालीपीठ थापायला तू शिकवलं होतंस.

"आणि यांची आई कुठे आहे?" बाईने मला विचारलं. आई, तेव्हा मी खरं बोलू शकलो असतो. तू तिथे उभी होतीस, पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी धरून, आणि तुझ्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच भीती पाहिली. मी म्हणालो, "घरी. आराम करतेय." बाई म्हणाली, "बरोबर आहे, जुळ्यांचं बाळंतपण म्हणजे काय सोपं? हो ना हो, सिस्टर?" तू म्हणालीस, "हो." मग त्या बाईने न विचारता मुलीला उचललं, एका हाताने काखेतून, आणि मुलीचं डोकं मागे गेलं. तू लगेच म्हणालीस, "मान धरा तिची. अशी नाही, खालून हात घाला." तुझा हात अर्धा पुढे आला होता. मग तू तो मागे घेतलास आणि टोपी सारखी केलीस. माझ्या मुलांसाठी तू आयुष्यात बोललेली ती दोन वाक्यं.

टूर मॅनेजर सगळ्यांना फोटोसाठी बोलावत होता. त्या बाईने आपला कॅमेरा माझ्या जोडीदाराच्या हातात दिला. त्याने तुमचे तीन फोटो काढले, पाणी नीट यावं म्हणून दोनदा मागे सरकला. तू शेवटून दुसरी. मग तुम्ही निघालात. जाताना तू माझ्याकडे बघून "येते हं" म्हणालीस, जिन्यात भेटलेल्या कुणालाही म्हणावं तसं.

आम्ही घरी गेलो नाही. नदीच्या काठाने चालत राहिलो, पूल ओलांडले, परत आलो, कुठल्याशा हॉकर सेंटरमध्ये, त्या खाण्याच्या गाळ्यांच्या मोठ्या शेडमध्ये, पंख्याखाली बसलो. तो म्हणाला, "तिने मान बघितली."

"कसली?"

"मुलीची. तेवढ्यात सुद्धा बघितली."

"त्यात चांगलं काय दिसलं तुला?"

"चांगलं म्हणत नाही. दिसलं ते सांगतो."

मी त्याच्यावर चिडलो. तुझ्यावर चिडायला हवं होतं ते सगळं त्याच्यावर काढलं, तिथेच, माणसांत. दोन्ही मुलं रडायला लागली. टेबलं पुसणारी एक म्हातारी चिनी आँटी फडकं घेऊन आली आणि आम्हालाच रागावली. "बेबी सो स्मॉल, व्हाय ब्रिंग आउट? सो हॉट, कॅनॉट लाह." मग नेहमीचा प्रश्न, ममी कुठे. मी उत्तर द्यायच्या आत तो म्हणाला, "नो ममी. टू डॅडीज." तिने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "देन हू कुक?" तो म्हणाला, "मी." तिने मुलाच्या पायातले मोजे काढून गाडीत टाकले, टू हॉट म्हणाली आणि पुढच्या टेबलाकडे गेली. मला तुझ्याकडून एवढंच हवं होतं. एवढ्या लहान बाळांना उन्हात आणलंत, अक्कल नाही का, असं तू चारचौघांत ओरडली असतीस तरी मी घरी नाचत गेलो असतो.

पुढच्या फेब्रुवारीत तू बाथरूममध्ये पडलीस ती उठली नाहीस. काकूंचा फोन आला. मी एकटा आलो. त्याला नको म्हणालो, मुलांना कोण बघणार असं कारण दिलं. तेरा दिवस माणसं येत होती. एक बाई कॉलेजातल्या मुलाला घेऊन आली, म्हणाली, "याला पहिली अंघोळ तुमच्या आईने घातली." मुलगा माझ्या पाया पडला. चौदाव्या दिवशी मी तुझं कपाट उघडलं. काहीतरी असेल असं वाटत होतं, विणलेली टोपी, एखादं दुपटं, न पाठवलेलं काहीतरी. सगळे खण काढले, गादीखाली बघितलं. तुझ्या साड्या, युनिफॉर्म, बँकेची पासबुकं, माझी शाळेतली प्रगतिपुस्तकं. आमच्यासाठी काहीही नव्हतं. मी जमिनीवर बसलो आणि पुन्हा एकदा सगळे खण तपासले.

मुलं आता दहाची होतील. एकमेकांशी इंग्रजीत भांडतात, आमच्याशी मराठीत सुरू करून इंग्रजीत संपवतात. त्यांना मी फार पूर्वीच सांगून ठेवलंय की तू त्यांच्या जन्माआधी गेलीस. माझ्या जोडीदाराला हे पटत नाही. कधीतरी तारखा कळतील त्यांना, म्हणतो. मागच्या महिन्यात मुलीने विचारलं, "बाबा, आजी बेबीजची नर्स होती, राइट? आम्हाला बघितलं असतं तर तिला आवडलो असतो का?" मी हो म्हणालो. तिथेच थांबायला हवं होतं. पण मी बोलतच गेलो. तू पाय पसरून पाटावर बसून त्यांना कशी अंघोळ घातली असतीस, तेल कसं जिरवलं असतंस, दोघांची वजनं वहीत कशी लिहिली असतीस. मुलगा हातातलं खेळणं ठेवून ऐकत होता. मलाही ते सगळं घडून गेल्यासारखं वाटत होतं.

हे कुठे पाठवायचं नाहीये. टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवीन, कुलूप लावायची गरज नाही, कारण मुलांना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. दर सुट्टीत तो बाराखडीचं पुस्तक काढतो आणि दर सुट्टीत मी म्हणतो, पुढच्या वर्षी बघू, आत्ता वेळ नाही. वेळ असतो, आई.