एक घंटी

वाशीम
१४ डिसेंबर २०२४

प्रिय रत्नमालाताई,
तुला आणि घरातल्या सगळ्यांना जय भीम.

आम्ही बरे आहोत. आईचा गुडघा थंडीत दुखतो, पण ती ऐकते कुणाचं! तू पाठवलेल्या तुरीच्या डाळीचं वरण रोज होतं. फोन केला की आई शेजारी येऊन बसते, म्हणून हे कागदावर.

माझी कंडक्टरी चालली आहे. ड्रायव्हर मदनसिंग हाताचे चांगले, पण तोंडाचे फाटके. दिवाळीनंतर मी पुढचा खड्डा दाखवला, तर भरल्या गाडीत म्हणाले, "तू मले गाडी शिकवून राह्यला? तोंड बंद ठेव, घंटी वाजव तेवढी." लोक हसले, मीही हसलो. तेव्हापासून आमच्यात बोलणं नाही, फक्त घंटीची दोरी. एक घंटी थांबायची, दोन निघायच्या. चहासुद्धा वेगळ्या टपरीवर.

रिठदच्या गोमतीबाई भाजी विकायला येतात, मला मूठभर बोरं देतात. मंगळवारी त्या मागच्या दारातून उतरत होत्या. उतरल्या असं वाटून मी दोन घंट्या दिल्या. गाडी हलली तेव्हा दिसलं, पदर दाराच्या कडीत अडकलेला, एक पाय अजून पायरीवर. मी एक घंटी दिली. मदनसिंगांना वाटलं, पुढच्या थांब्यावर कुणाला उतरायचंय. नुसतं 'थांबवा' म्हणून ओरडलो असतो तर गाडी जागेवर थांबली असती. तोंड उघडलं होतं, ताई. आवाजच निघाला नाही.

त्या पडल्या. खुब्याचं हाड मोडलं.

काल दवाखान्यात गेलो. रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, "बापू, तू ओरडला काहून नाही रे?" संत्री उशाशी ठेवली आणि निघून आलो.

डेपोच्या साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. एकाच बाकावर बसलो, तरी मदनसिंगांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही नाही. मला दुसऱ्या गाडीवर टाका म्हणून हात जोडले, तर साहेब म्हणाले, माणसं कमी आहेत. उद्या सकाळी तीच गाडी, तेच मदनसिंग.

जयंतीला तू मला बाजेवर उभं करून गाणी म्हणायला लावायचीस. पार वेशीपर्यंत आवाज जातो म्हणायचीस. उद्या कुणी पायरीवर अडकलं तर तो आवाज निघेल का, मला खरंच सांगता येत नाही. फार भीती वाटते.

आईला यातलं काही सांगू नकोस.

तुझा मुका भाऊ,
प्रसेनजित