रायफल सुलोस द्यावी

डेट्रॉइट,
३ मे १९६१

प्रिय इल्माताईस,
सुलोचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक. कारखान्यात माझी पाळी बदलली, त्यामुळे आम्ही नवरा-बायको, आयली आणि मी, आता फक्त रविवारी भांडतो.

बाबांना जाऊन तीन महिने होतील. दफनाला मी आलो, दोन वेळा जेवलो आणि परत गेलो. बाकी सगळं तुझ्यावरच पडलं. तरी एक मागणं आहे. बाबांच्या मृत्युपत्राच्या कागदात शेवटची ओळ आहे : "आजोबांची रायफल माझा लाडका मुलगा सुलो यास द्यावी." ती वाचून मी मोटारीत तासभर नुसता बसून होतो.

चौदा वर्षांचा असताना मी तितर मारायला गेलो आणि शेजारच्या माकेलाची गाय मारली. तितर झाडावर होता आणि गाय जमिनीवर. हे कसं झालं ते मला अजून सांगता येत नाही. बाबांनी रायफल काढून घेतली ती कायमची. तीस वर्षं ती खुंटीवर पाहत आलो, हात लावला नाही.

आपला चुलतभाऊ नेस्टर वीस तारखेला इकडे येणार आहे. त्याच्याबरोबर पाठव. नळी आणि दस्ता वेगळे होतात, गोणपाटात गुंडाळलं की झालं.

माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.
तुझा धाकटा,
सुलो

टापिओला,
२४ मे

चि. सुलोस,
अ. उ. आ.

नेस्टर आला होता. त्याच्या गाडीत बटाटे होते, जागा नव्हती.

शिवाय मी कोबीची रोपं लावली आहेत आणि ससे त्यांच्या मुळावर उठले आहेत. शिवाय रायफलीची स्प्रिंग मधूनच अडकते, ती दुरुस्त केल्याशिवाय पाठवणं बरं नाही. गेल्या आठवड्यात तीन ससे मारले. स्प्रिंग बरी असती तर चार. शिवाय तिला दमट हवा मानवत नाही. डेट्रॉइटची हवा कशी असते ते कळव.

तांबडी गाय व्याली. कालवड आहे.

आयलीला सांग, रविवारी भांडू नये.
तुझी बहीण,
इल्मा

डेट्रॉइट,
२ जून

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

मे महिन्यात बटाटे कोण वाहून नेतं? नेस्टरची गाडी रिकामी होती. तो म्हणाला, की तू त्याला मासळीचं कढण वाढलंस, दोन गाड्या लाकडं फोडून घेतलीस, आणि त्याने रायफलीचं नाव काढलं की वाफेच्या अंघोळीसाठी सॉना तापवायला उठून गेलीस. तीनदा. आयुष्यात इतका स्वच्छ कधी झालो नव्हतो, असंही म्हणाला.

ताई, घर, गायी, होडी सगळं तुझं आहे आणि तेच योग्य आहे. अकरा वर्षं बाबांचं तूच केलंस. रायफली इथे दुकानातही मिळतात. मला ही हवी, कारण ती बाबांनी आपण होऊन दिली. त्यांनी मला माफ केलं, एवढाच त्याचा अर्थ, आणि तो मला पुरे आहे.

रागावू नये. रागावलीस तरी पाठवावी.
सुलो

टापिओला,
११ जून

चि. सुलोस,
आशीर्वाद.

रायफल काल रेल्वे पार्सलने पाठवली. आता खरं सांगते.

बाबांचा हात थरथरायचा म्हणून कागद मी लिहिला. ते सांगत होते, मी उतरवत होते. घर झालं, गायी झाल्या, होडी झाली. रायफलीचं काय, म्हणून मी विचारलं. ते म्हणाले, की ती खुंटीवर आहे, राहू दे. मी खाली थोडी जागा सोडली, त्यांची सही घेतली आणि ती ओळ नंतर मी लिहिली. तू तीस वर्षं वाट पाहत होतास आणि बाबा काही बोलणार नव्हते. कुणीतरी बोलायला हवं होतं.

मग पाठवायची म्हणून पुसायला घेतली आणि माझ्याने पाठवेना. तुझ्या हातातून काढलेली रायफल बाबांनी माझ्या हातात दिली होती, हे तुला आठवत नसेल. पुढच्याच वर्षी तांब्याची खाण बंद पडली, बाबा लाकूडतोडीला गेले, आणि तो हिवाळा पाच माणसांनी मी मारलेल्या सशांवर काढला. तेव्हापासून ती मीच चालवते. पण ही इल्माची रायफल, असं कुणी कधी म्हटलं नाही. मीही नाही.

खोटी सही केलेली नाही. फक्त ओळ खोटी आहे. पाद्रीबाबांना विचारलं नाही, ते हो म्हणाले नसते.

राग आला तर खुशाल लिही.
इल्मा

डेट्रॉइट,
२५ जून

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

ओळ तुझी आहे हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. बाबांनी हयातीत कुणाला लाडकं म्हटलं नाही. आईला ते "बरी होती" म्हणायचे, तेही ती गेल्यावर. मोटारीत तासभर बसलो तो त्यांच्यासाठी नाही. माझ्या ताईने माझ्यासाठी मेलेल्या माणसाच्या तोंडी खोटं घातलं, म्हणून बसलो.

तरी मागितली. वाटलं, रायफल हातात आली की खोटंसुद्धा खरं वाटू लागेल. पार्सल आलं. तुकडे जोडले. दस्त्यावर जिथे तुझा गाल टेकतो तिथलं लाकूड झिजून गुळगुळीत झालंय. मी तिथे गाल ठेवून पाहिला. बसला नाही. आयली म्हणाली, की तू दुसऱ्या कुणाचा तरी चष्मा लावल्यासारखा दिसतोस.

ही इल्माची रायफल आहे. कुणी म्हटलं नव्हतं ना? मी म्हणतो.

ऑगस्टात सुट्टी आहे. रायफल घेऊन मी स्वतः येतो. तेव्हा मला नेम धरायला शिकव. बाबा नाही म्हणाले असते. तू काय म्हणतेस ते कळव.

तुझा,
सुलो

टापिओला,
१ जुलै

चि. सुलोस,
अ. उ. आ.

ये. काडतुसं आणू नकोस, इथे आहेत.

मनगटाशी घट्ट बसेल असा सदरा घाल. रायफल दुसरं काडतूस आपोआप भरते खरी, पण रिकामं खाली टाकते, आणि ते तापलेलं, नळी पेललेल्या हाताच्या थेट बाहीत शिरतं. पहिल्यांदा भाजलं तेव्हा मी रडले होते, बाबांना दिसू दिलं नाही.

तू रडलास तरी चालेल.

इल्मा