दिलेलं सोनं

२९ सप्टेंबर, सोमवार
सकाळपासून मीटिंग. सोलापुरात सात रस्त्यावरच्या आमच्या ऑफिसातला एसी बंद, गिरीश सर मात्र चालू. आमचा कुस्तीच्या पत्त्यांचा मोबाइल-गेम दसऱ्याला 'घरोघरी' पोचवायचाय. आयडिया त्यांचीच. खेळणाऱ्यांनी गेममध्ये एकमेकांना आपट्याचं पान फुकट पाठवायचं, ज्याला मिळेल त्याला पानामागे दहा मोहरा.

एरवी मोहरा रुपये मोजून घ्याव्या लागतात, मग त्यांवर पत्त्यांची बंद पाकिटं फोडायची, आत कुठला पैलवान निघेल ते नशीब. थेट रुपयांत किंमत लिहिली तर माणूस विचार करतो ना! वर पाकीट पन्नास मोहरांचं आणि मोहरा मिळतात चाळीसच्या पटीत. म्हणजे दर वेळी थोड्या उरणार, त्या वाया जाऊ नयेत म्हणून गडी पुन्हा घेणार. सर हे हसत हसत सांगतात. मला ऐकूनच चीड येते.

विचारलं, पानांना मर्यादा किती? "अगं वृषाली, माणूस पाठवून पाठवून किती जणांना पाठवेल? दोघातिघांना." म्हटलं, सर, आपल्याकडे सोनं असं मोजून देत नाहीत. "तू पत्त्यांचे आकडे बघ."

बघते. कुठल्या पैलवानाला किती ताकद, एवढंच माझ्या हातात.

२ ऑक्टोबर, दसरा
मंद्रूप, मामाकडे. मामा तरुणपणी पैलवान. आता गुडघे गेले, म्हणून फोनवर कुस्ती. त्याच्या तालमीतले सगळे म्हातारे हाच गेम खेळतात. माझ्यामुळे!

पाया पडले, सोनं दिलं. मामा म्हणाला, "थांब, हितंबी देतो की," आणि फोन उघडून बसला. साऱ्या तालमीला पाठवलं. बांधावरून ज्याच्याशी बोलणं बंद, त्यालाही. "आगं, दसऱ्याला सोनं न्हाय म्हंतंय व्हय कुनी?" आणि ज्याला दिलं तो परत देतोच. दिवेलागणीपर्यंत मामाकडे मोहराच मोहरा. पाकिटांवर पाकिटं फोडली, आणि सोनेरी वस्ताद निघाला. आमचा सगळ्यात दुर्मीळ पत्ता!

पत्त्याला आपलं नाव देता येतं. मामानं लिहायला सांगितलं, बापू वस्ताद. ज्यांनी त्याला लंगोट बांधायला शिकवलं ते. जाऊन जमाना झाला. मामानं फोन कपाळाला लावला, बराच वेळ काढला नाही. या नोकरीत इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

३ ऑक्टोबर, शुक्र.
बोंबाबोंब. गावंच्या गावं एकमेकांना सोनं देत सुटली. मोहरा फुकट असताना विकत कोण घेणार? सोनेरी वस्ताद आता वाट्टेल त्याच्याकडे.

सर माझ्यावर ओरडले, "मर्यादा का नाही घातलीस?" चोराच्या उलट्या बोंबा. मग म्हणे सगळ्यांचे पत्ते काढून घ्या. प्रोग्रॅमर इरफान शांतपणे म्हणाला, "दिया सो दिया सर, अब वापस कायकू लेना? लोगां गाली देंगे." मी म्हटलं, दसऱ्याचं सोनं दुसऱ्या दिवशी दारात जाऊन परत मागतं का कुणी? सर केबिनमध्ये गेले, दार आपटलं.

७ ऑक्टो., मंगळ.
सर आज गोड बोलत होते. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

काढून घ्यायचं नाही. दिवाळीला नवा पत्ता आणायचा, महावस्ताद. फक्त विकत. जुन्या वस्तादाला दर डावात चीत करणार. आणि हरल्या हरल्या स्क्रीनवर दुकान उघडायचं, कारण "तेव्हा माणूस चिडलेला असतो, हात सैल सुटतो." वर मलाच विचारतात, "पत्ता त्यांच्याकडेच राहतोय. आपण कुणाचं काय घेतलं?"

काय घेतलं! तळपायाची आग मस्तकात गेली. त्यापेक्षा सरळ दरोडा परवडला, निदान दरोडेखोर उपकाराची भाषा करत नाही.

आणि महावस्तादाची ताकद ठरवायची मी.

११ ऑक्टो., शनि.
इरफानबरोबर चहा. म्हटलं, नोकरी सोडते. "छोड के जाती कां? पुनेकू?" बरोबर आहे त्याचं. सोलापुरात हे काम दुसरीकडे नाही, आणि आईला एकटी टाकून पुण्याला मी जाणार नाही. म्हणजे त्या माणसाचं ऐकायचं? नुसता संताप.

१४ ऑक्टो., मंगळ.
मामाचा फोन. पाडव्याला तालमीत सगळ्या म्हाताऱ्यांनी फोन घेऊन बसायचं ठरवलंय. स्पर्धा, वर जेवण. "बापू वस्तादाला हयातीत कुनी पाडलं न्हाय वृषे. आता कोन पाडतंय बघूच की!"

मी 'हो मामा' म्हटलं. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवल्यावर रडले, आणि रडले म्हणून आणखी राग आला.

१७ ऑक्टो., वसुबारस
आज आकडा द्यायचा शेवटचा दिवस. दिला. महावस्तादाची ताकद जुन्या वस्तादाइतकीच. कुणी कुणाला पाडणार नाही, कुस्ती बरोबरीत.

सरांनी पाहिलं. "हे काय? मग घेईल कोण?" म्हटलं, ज्याला चित्र आवडेल तो घेईल. "वाढव." मी हात मांडीवर ठेवले. "वृषाली, वाढव, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस." इरफाननं मान वर केली, त्याचंही टायपिंग थांबलं.

सर केबिनमध्ये फेऱ्या मारतायत. मी इथे टेबलावर हे लिहितेय. स्क्रीनवर तोच आकडा आहे. मामाचा फोन येतोय, पाडव्याला जेवायला येणार का विचारायला असेल.