इंगोले सरांचा लेख

१९ डिसेंबर, शुक्रवार. निलंगा, मामाच्या शेतात.

वेळ अमावस्या, शेतातच जेवायचा सण. पालेभाज्यांची भज्जी, ताकाची आंबील, बाजरीचे उंडे, सगळं नाकापर्यंत. मामानं वाढता वाढता विचारलं, मग सध्या काय करून राहिली? लिहिते म्हटलं. "ते कळलं. पण करती काय?"

आजूबाजूचे सगळे एकदम ज्वारीकडे बघायला लागले. आई मामाला म्हणाली, वाढ की रे तिला अजून. आईचं हे ठरलेलं आहे, अवघड प्रश्न आला की भज्जी.

आप्पा परतीच्या एस्टीत बोलले. जानेवारीअखेर ते शाळेतून रिटायर होणार. लातूरच्या क्लासवाल्या सरांशी (आप्पांचा जुना विद्यार्थी, आता मोठा बोर्ड, मोठी गाडी) त्यांनी बोलून ठेवलंय. क्लासच्या नोट्स लिहायच्या, जाहिराती लिहायच्या, महिन्याला पगार, वर पीएफ. दोन फेब्रुवारीला जॉईन व्हायचं. तवर कर तुझं काय ते, म्हणाले. मी बरं म्हटलं. मागच्या सीटवर तीन नातेवाईक कान लावून बसले होते, आणखी काय म्हणणार?

२३ डिसेंबर, मंगळवार. नांदेड.

१) बॅनर. एका भाऊंचा वाढदिवस. 'विकासपुरुष' गेल्या महिन्यात दुसऱ्या भाऊंना देऊन झाला. 'कार्यसम्राट' चौकात आधीच दोन आहेत. शेवटी 'आपला माणूस'. भाऊंना पसंत नाही, फार साधं वाटतं म्हणे.

२) पुण्यतिथीची जाहिरात. दुकानदार मुलगा म्हणाला, वडील फार प्रेमळ होते असं लिहा. मागून त्याच्या आईनं मोठ्ठा सुस्कारा टाकला. 'करारी' लिहिलं. दोघंही खूश.

३) पुण्याच्या वेबसाइटला पाठवलेल्या लेखाचं उत्तर आलं. आशय उत्तम, भाषा जरा प्रमाण करा. 'करून राहिली' काढून 'करते आहे' केलं. त्या क्षणापासून लेखातली माझी बाई परकी वाटायला लागली. परत 'करून राहिली' केलं. आता ते छापणार नाहीत. नकोत छापायला.

लातूरचा विचार करायचा नाही असं ठरवलंय. दिवसभर तोच करते.

२९ डिसेंबर, सोमवार.

रऊफभाईंच्या प्रेसमध्ये गेले. माझी निम्मी कामं त्यांच्याकडूनच येतात. लग्नपत्रिका, मानपत्रं, आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे गौरवांक. कुणी रिटायर झालं की समिती बसते, समिती मान्यवरांची नावं आणि पासपोर्ट फोटो आणून देते, लेख मात्र एकही मान्यवर देत नाही. मग सगळ्या मान्यवरांच्या हृदयातल्या भावना मी लिहिते. एका अंकात मी आमदार होते, मुख्याध्यापिका होते, बालमित्र होते आणि 'एक कृतज्ञ पालक' होते. नाव कुठेच नाही. प्रेसचा माणूस लिहितो, एवढंच समितीला माहीत. गिऱ्हाइकाचं नाव बाहेर काढायचं नाही हा या धंद्यातला माझा एकमेव नियम.

रऊफभाईंनी नवं पाकीट पुढे सरकवलं. नायगावचे कोणी सर रिटायर हून राहिलेत, म्हणाले. "जरा रडवा लोकांना ताई. मागच्या येळी लोक नुस्तं जेवून गेले."

पाकिटातून फोटो काढले. सगळ्यात वरचा आप्पांचा. सफारीतला.

हे माझे वडील आहेत, मला नाही जमणार, असं सांगितलं. रऊफभाईंनी चष्मा वर करून फोटो पाहिला, मग मला पाहिलं. "मग तर सोपं झालं. माहिती काढायला नायगावला जायला नको."

घेतलं काम. का घेतलं माहीत नाही. दुसरा कोणीतरी माझ्या आप्पांना 'ज्ञानाचा अखंड झरा' म्हणेल ही कल्पना सहन झाली नाही.

२ जानेवारी, शुक्रवार.

अध्यक्षांचा लेख झाला. संस्थाध्यक्षांच्या लेखात 'मी' भरपूर लागतो, सत्कारमूर्ती शेवटच्या परिच्छेदात आले तरी चालतात. बालमित्र झाले. कृतज्ञ पालक झाले. अकरा लेखांतले तीन हातावेगळे.

मजा येते आहे हे कुणाला सांगू नये.

७ जानेवारी, बुधवार.

इंगोले सरांशी अडलं. पीटीचे सर. आप्पांनी मैदानातला खोखोचा खांब काढून तिथं कडुनिंब लावला, तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. मी तेव्हा शाळेत होते, आता झाडाच्या सावलीत दोन वर्ग बसतात. काही निरोप असला तर शिपाई नेतो. आप्पा घरी त्यांचं नाव घेत नाहीत, 'तो शिट्टीवाला' म्हणतात. आणि समितीनं त्यांचा फोटो दिलाय. सीनियर आहेत, टाळता येत नाही.

प्रेसमधून बोलतेय म्हणून फोन केला. सरांबद्दल काय लिहू, विचारलं.

"लिहा. चांगले हैत म्हणून."

आणखी काही?

"खांबाचं लिहू नका." मग बराच वेळ नुसता पोरांचा गलका ऐकू आला. "नाहीतर लिहा," म्हणाले, आणि शिट्टी वाजवून फोन ठेवला.

१२ जानेवारी, सोमवार.

इंगोलेंचा लेख एका बैठकीत झाला. असं माझ्या स्वतःच्या लेखांचं कधी होत नाही. समोर पलंगावर आप्पा दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासत होते. एका पेपरावर तळहात ठेवून, डोळे मिटून बसले. मग परत पहिल्या पानापासून सुरू. नापासाचा पेपर निघाला की हे असंच करतात, कुठे अर्धा मार्क सापडतो का बघायला. लहानपणापासून बघते मी हे. टाकलं लेखात.

मान वर न करता त्यांनी विचारलं, एवढं काय टाइप करून राहिली? गिऱ्हाइकाचं आहे म्हटलं. गौरवांक.

"म्हणजे लोक सोताच्या भावना दुसऱ्याकडून लिहून घेतात?"

हो म्हटलं.

"आमच्या शाळेत असलं न्हाई," आप्पा म्हणाले. "आमची माणसं साधी हैत, पण लिहितील ते सोता लिहितील."

मी पाणी प्यायला आत गेले.

२४ जानेवारी, शनिवार.

अंक छापून झाला. मुखपृष्ठावर आप्पा, मागे उगवता सूर्य. सूर्य नको म्हणून सांगितलं होतं, पण रऊफभाईंकडे सूर्य तयार असतो. ते म्हणाले, ताई, हा पीटीवाला लई भारी लिहितो, मी दोनदा वाचलं.

ती मीच आहे रऊफभाई.

"मालूम है. तरी पण."

रिक्षात बसल्यावर लक्षात आलं. आप्पा शाळेत पेपर कधीच तपासत नाहीत. घरीच आणतात, पहिल्यापासून. आणि इंगोले सर आमच्या घरी कधी आलेले नाहीत. प्रेसला फोन लावला. रऊफभाई म्हणाले, गठ्ठे गेले ताई नायगावला.

३१ जानेवारी, शनिवार.

सेवापूर्ती. नायगाव. मंडप, हार, फेटे. अध्यक्षांनी भाषणात आप्पांचं नाव दोनदा चुकवलं. मग सूत्रसंचालकाला काय सुचलं कुणास ठाऊक, म्हणाला, अंकातला इंगोले सरांचा लेख वाचून आम्ही सगळे थक्क झालो, तर तो सरांनीच वाचून दाखवावा.

इंगोले सरांनी अंक उघडलेला नव्हता हे त्यांनी तो उलटा धरला त्यावरूनच कळलं. आईनं माझ्या मांडीवर हात ठेवला. तिला काही सांगितलेलं नाही.

पहिला परिच्छेद हजेरी घेतल्यासारखा वाचला. दुसऱ्यात खांब आला. तिथं थांबले. परत वाचला, हळू, मनातल्या मनात, माईकसमोर. मग पुढचं वाक्य मोठ्यानं वाचलं: "खांब गेला त्याचा राग मला फार वर्षं होता. परवा माझाच नातू त्या निंबाखाली बसून पाढे म्हणत होता, तेव्हा राग कुठे ठेवला होता ते मला आठवेना."

(नातू त्या शाळेत आहे हे मला फोनवरच्या गलक्यात कळलं होतं. 'आज्या' म्हणून कोणीतरी हाक मारत होतं.)

पेपरांची ओळ वाचून त्यांनी अंक खाली ठेवला. शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. आप्पा खुर्चीतून उठले, हार सावरत गेले, आणि दोन म्हातारे स्टेजवर एकमेकांना धरून उभे राहिले. फेटे सुटले. मी रडले. माझंच लिहिलेलं ऐकून रडले, याची लाज वाटायला हवी होती, वाटली नाही.

नंतर जेवणाच्या पंगतीत इंगोले सर लोकांना सांगत होते, बसलो आणि आपोआप सुचत गेलं.

१ फेब्रुवारी, रविवार.

आप्पा सकाळपासून अंक घेऊन बसलेत. मला बोलावलं. बस म्हणाले. इंगोलेंचा लेख मोठ्यानं वाचून दाखवला, अगदी वर्गात वाचतात तसा.

"ह्याला लिहिणं म्हणतात. इतकी वर्षं एका स्टाफरूममधी होतो, मला पत्ता न्हाई. शब्द बघ कसा साधा ठेवलाय. तू शीक जरा."

शिकते म्हटलं. आई चहाचे कप उचलून आत गेली. कप रिकामे झालेले नव्हते. स्वयंपाकघरातून भांडी पडल्याचा आवाज आला, पण भांडी पडली नव्हती, ती हसत होती. म्हणजे तिला कळलंय.

बॅग भरली. लातूरची सकाळची गाडी. भरताना एक एक कपडा जड लागत होता. मला जायचं नाही. हे इतकं सरळ मी इथेही पहिल्यांदाच लिहितेय.

संध्याकाळी आप्पा दारात येऊन उभे. हातात अंक, बोट त्या पानात.

"पेपर तर मी घरीच तपासतो," म्हणाले. "शिट्टीवाला आपल्या घरी कधी आला?"

कोणी सांगितलं असेल, म्हटलं.

"हाव. सांगितलं असंल कोणी."

बॅगेकडे बघितलं आणि गेले.

२ फेब्रुवारी, सोमवार.

पहाटे तयार होऊन बसले. आप्पा उठलेच नाहीत, म्हणजे उठले होते, पण बाहेर आले नाहीत. त्यांनी स्टँडवर सोडायचं ठरलं होतं. गाडी गेली. नऊला लातूरहून क्लासवाल्या सरांचा फोन, आप्पांच्या मोबाइलवर. मी दाराआड.

"न्हाई, निघाली न्हाई. ती कामात हाय सध्या. माझंच एक काम घेतलंय तिनं. झाल्यावर बोलू की."

मग बाहेर येऊन माझ्यासमोर कोरा कागद ठेवला. टाइप कर पाहिजे तर, म्हणाले, पण आधी कागदावर विचार कर. अंकात अध्यक्ष हैत, बालमित्र हैत, पालक हैत, शिट्टीवाला सुद्धा हाय. घरच्या माणसाचं एक अक्षर न्हाई. लोक काय म्हणतील? रऊफमियाला सांगून पुरवणी काढू.

"पण नाव टाकून लिही," म्हणाले. "तुझं."

५ फेब्रुवारी, गुरुवार.

रऊफभाईंचा निरोप. इंगोले सरांचा प्रेसमध्ये फोन आला होता. त्यांच्या व्याह्यांची एकसष्टी आहे, लेख पाहिजे, "माझ्या नेहमीच्या शैलीत". होकार कळवला.

किनवटच्या आश्रमशाळेची स्मरणिका पण आली आहे. कामं आहेत, म्हणजे भरपूर आहेत.

फक्त आप्पांचा लेख होत नाही. अकरा माणसांचं आप्पांवरचं प्रेम मी झरझर लिहिलं, प्रत्येकाचं वेगळं, कुठे अडले नाही. माझं स्वतःचं लिहायला घेतलं की पहिली ओळ अध्यक्षांसारखी येते, दुसरी बालमित्रासारखी. कागदावर वर माझं नाव आहे, खाली 'आप्पा' एवढा एक शब्द, तोही तीनदा खोडून परत लिहिलेला. लातूरला जायचं की नाही हे या कागदावर येऊन थांबलंय. संपवला तर लातूरला फोन करावा लागेल, आणि न संपवावा तर ते रोज विचारतात.

आत्ताही विचारून गेले. मी अंगणात कागद घेऊन बसले होते, ते पाठीमागून आले. झालं का? नाही म्हटलं, अडलंय.

"अडलं तर इंगोलेला विचार," आप्पा म्हणाले, आणि नळाकडे गेले. मी वळून बघेपर्यंत त्यांची पाठ होती. हसत होते का नव्हते, कळलं नाही.