खुडुक कोंबडीखालची अंडी

धाकटीला थोरल्या ताईचा पोटभर आशीर्वाद.

लेकीकडे आज सगळ्यात आधी बेकरीवाली आली गं, मग रिटायर मास्तर. मास्तरांनी दोन अंडी घेतली आणि वीस प्रश्न विचारले. लेक त्यांच्यातच अडकली. इथे गिऱ्हाईक स्वतःच्या हाताने खुराड्यातली अंडी वेचतं, म्हणून बेकरीवालीला मीच आत नेलं. बाई मोठी गोड, बोलायला लागली की माझ्यासारखीच थांबत नाही.

कोपऱ्यातल्या टोपलीत हात घालून म्हणाली, "आजी, ही तर अजून गरम आहेत. आत्ताच दिलेली दिसतात." मलाही कौतुक वाटलं. मीच एकेक करून तिच्या पिशवीत रचली.

तिची गाडी गेली आणि खुडुक कोंबडी दाणे टिपून परत आली. रिकामी टोपली बघून तिने खुराडं डोक्यावर घेतलं. लेकीने तिला पंधरवड्यापूर्वी अंड्यांवर बसवली होती गं. आत पिल्लं आकाराला आली असणार.

जावई म्हणाले, "असू द्या आई, केकबरोबर पिल्लू फुकट." हसले, पण जेवले नाहीत. बेकरी रोज अंडी घेईल या भरवशावर त्यांनी खुराडं वाढवलंय. बाई फोन उचलत नाही. जावई जाऊन आले, तर बेकरीला कुलूप. एव्हाना तिने घरी एखादं फोडलं असेल का, हेच डोक्यात घोळतंय.

तू काळजी करू नकोस, मी मजेत आहे. तुझा गुडघा कसा आहे? सूनबाई तेल लावून देते ना?

बेकरीवाली जाताना म्हणाली, बुधवारी येते आणि रोजच्या अंड्यांचं कायमचं ठरवूनच टाकते. उद्या बुधवार आहे.

तुझीच,
ताई