द्राक्षांच्या गावाला निघण्याआधी

माय, परवा मी जावयाला मारलं. जेवणाच्या टेबलापाशी, माझ्या लेकीसमोर, पालथ्या हातानं तोंडावर. ओठ फुटला, पांढऱ्या शर्टावर रक्त सांडलं, हातातला ग्लास भिंतीवर जाऊन फुटला. ज्याचे पाय धुवायचे त्याच्यावर हात टाकला म्हणून तुझी सून भिंतीला टेकून खाली बसली. मी मात्र माझ्या हाताकडं बघत राहिलो. तो माझा वाटतच नव्हता.

पोरगं वाईट नाही. पुण्याला नोकरी करतं, मला मामा म्हणतं, माझ्या जुन्या गोष्टी पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या ऐकतं. वारंगा फाट्यावर पंक्चर काढत काढत मी टायरचं दुकान उभं केलं, पण सुट्टी अशी कधी घेतलीच नाही. म्हणून माझ्या साठीला लेकीनं बेत केला. जिंतूर, जालन्यावरून नाशिक. तिथं द्राक्षांच्या मळ्यातच मुक्काम, दुसऱ्या दिवशी दिंडोरीकडचे मळे, वाइन कशी करतात ते बघायचं, घोट घोट चाखायची, येताना नारायणगावच्या बाजूनं परत. आता तोडणी चालू आहे, टबात उतरून पायांनी द्राक्षं तुडवू देतात, असं जावई सांगत होता. मी म्हटलं, पैसे देऊन मजुरी करायला लोक येतात, हा धंदा मला आधी काहून सुचला नाही? सगळे हसले. त्या हसण्यातच त्यानं लाल वाइनच्या बाटलीचं बूच काढलं, ग्लासात जराशी ओतली आणि माझ्या नाकाशी धरून म्हणाला, "मामा, आधी नुसता वास घ्या."

माय, तो दारूचा वास नव्हता. दारूचा वास मला पाठ आहे. हा दुसरा, गोडसर आंबलेला, आयुष्यात एकदाच घेतलेला. तू ज्या दिवशी दादाचा, माझ्या बापाचा, हात मोडलास, त्या दिवसाचा.

आधी दादा तुला मारायचा. हातभट्टीची पिऊन यायचा आणि सापडेल त्यानं मारायचा. एक दिवस तू चुलीतलं जळतं लाकूड उचललंस आणि त्याच्या पाठीवर ओढलंस. तिथून घरचं राज्य फिरलं. मग जवळा बाजारच्या बाजारादिवशी तू दारात उभी राहायचीस आणि म्हणायचीस, "आ कर." वास आला की मार, नाही आला की भाकर. गावात दुसऱ्या कुठल्या घरी असा रिवाज नव्हता. बाया हसायच्या, पण आपापल्या नवऱ्याला तुझं नाव सांगून भीती घालायच्या.

माझे कान तेव्हापासून तिखट. गाडी ओढ्यापलीकडं असतानाच तू विचारायचीस, कसा येऊन राहिला? दादा पिलेला असला की बैल आपल्या मनानं चालायचे, घुंगरं सुटी सुटी वाजायची. शुद्धीत असला की ती एका ठेक्यात यायची. त्या दिवशी ठेका पक्का होता. मी म्हटलं, "बराबर येऊन राहिला, माय."

तू त्याचं तोंड हुंगलंस. मग मागं वळून मला असं हाणलंस की कानात पाणी शिरल्यासारखं झालं. म्हणालीस, "तू बी त्याचाच." माझी धाकटी बहीण झाली त्या बाळंतपणानं तुझ्या अंगात रक्त उरलं नव्हतं, उभी राहताना भिंत धरायचीस, तरी गाडीच्या कडेचा दांडका, उभारी, उपसलीस. पहिला तडाखा त्याच्या हातातल्या पिशवीवर बसला, आतली बाटली फुटली आणि तो गोडसर आंबलेला वास दारात पसरला. काच बघून तू आणखी पिसाळलीस. दादानं डोकं वाचवायला हात वर केला. हाड मोडल्याचा आवाज मी अजून ऐकतो. कापसाची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा. तो ओरडला नाही, काही बोलला नाही. हाड बसवणाऱ्याला त्यानं गाडीवरून पडलो म्हणून सांगितलं. तो हात शेवटपर्यंत वाकडाच राहिला. पण त्यानंतर त्यानं थेंब घेतला नाही, हे तू मरेपर्यंत अभिमानानं सांगत होतीस.

तुझं तेरावं झालं त्या दुपारी दादा मला म्हणाला, बाटलीत द्राक्षासव होतं. बाजारातल्या वैद्यानं तुझ्या अंगात रक्त भरावं म्हणून दिलेलं. कडू असलं तर तू थुंकशील म्हणून त्यानं वाटेत एक झाकणभर चाखून बघितलं, एवढंच. दारू त्यानं त्याच्या दोन महिने आधीच सोडली होती आणि तुला सांगायला चांगला दिवस शोधत होता.

मी म्हटलं, मग बोलला काहून न्हाई?

वाकडा हात मांडीवर घेऊन बसला होता. म्हणाला, "तिला कळलं असतं तर तिनं पुन्हा हात उचलला नसता. अन् मी पुन्हा पिलो असतो."

माझे कान खरे होते आणि तुझं नाकही खरं होतं, मार मात्र दोघांनी खाल्ला. आणि त्या मारावर घर उभं राहिलं, हे मी कुठल्या तोंडानं नाकारू? दुकानातल्या पोरांना मी असंच शिकवलं, हसत हसत, एक टोला देऊन. ती पोरं आज स्वतःची दुकानं चालवतात, दिवाळीला पेढे घेऊन येतात.

पण लेक पेढे आणणारी नाही. तिनं नवऱ्याच्या ओठाला बर्फ लावला आणि रडली नाही. म्हणाली, "पप्पा, बुकिंग मी रद्द करणार नाही. तुम्ही यायचं. पण तिथं हात उचललात तर या घरात मी परत येणार नाही." बोलताना तिचा आवाज चढला नाही. तुझाही चढत नसे. मला त्यातली खोली ऐकू येते.

जावई सुजलेल्या ओठानं म्हणाला, "मामा, वास इतका वाईट होता का?" मी त्याच्या पायाशी वाकायला गेलो, त्यानं वाकू दिलं नाही. म्हटलं, बापू, तिथं ग्लास माझ्या नाकाशी धरायच्या आधी माझे दोन्ही हात धरा. मी मस्करी करतोय असं वाटून तो हसला आणि ओठाला कळ आली तसा थांबला.

सकाळी निघायचं आहे. हे तुला पोचवायची सोय असती तरी मी पाठवलं नसतं. दादानं वाकडा हात घेऊन जे आयुष्यभर लपवलं ते तुला सांगणारा मी कोण. आणि दुसरंही एक आहे, जे लेकीला सांगता येणार नाही. तो हात पोराच्या तोंडावर बसला तेव्हा क्षणभर वाटलं, तू घरात आलीस. आणि मला बरं वाटलं, माय.